खासगी विमानांचे दीर्घ आंतरराष्ट्रीय प्रवास : जुहू ते गोंदूर – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याच्या विभाजनातून अस्तित्वात आला. जिल्हा नवा असला तरी या प्रदेशाचा दळणवळणाचा इतिहास जुना आहे. मोगल काळात सुरत बंदराला बऱ्हाणपूरशी जोडणारा व्यापारी मार्ग नंदुरबारवरून जात असे. पुढे ताप्ती खोऱ्यातील लोहमार्गाने नवापूर व नंदुरबार ही गावे सुरत आणि भुसावळ यांच्याशी जोडली गेली. बैलांचे तांडे, रेल्वे आणि मोटार या तीनही टप्प्यांत या भागाचे स्थान निश्चित करता येते. हवाई दळणवळणाच्या बाबतीत मात्र तसे म्हणता येत नाही. जिल्ह्यात नियमित प्रवासी विमानसेवेचा विमानतळ नाही. त्यामुळे विमानविद्येचा इतिहास हा मुंबई–पुण्याचा, फार तर कराची–लंडनचा विषय आहे, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे.

ही समजूत तपासून पाहण्यास एक कारण आहे. १९२८ साली स्थापन झालेल्या आणि जुहूच्या मैदानाशी ज्याचे नाव निगडित आहे त्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचे उड्डाण प्रशिक्षण एकविसाव्या शतकात धुळ्याजवळील गोंदूरच्या धावपट्टीवर होऊ लागले. ज्या संस्थेने जे. आर. डी. टाटा यांना विमान चालविण्यास शिकविले, तीच संस्था नंदुरबारच्या शेजारच्या जिल्ह्यात आली. लहान विमानातून देशोदेशींच्या सीमा ओलांडणाऱ्या प्रवासांचा इतिहास म्हणूनच खानदेशाच्या दृष्टीनेही अभ्यसनीय ठरतो.

ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे प्रवासी वा टपाल न नेता, वैमानिकाने स्वतःच्या अथवा आपल्या स्वाधीन असलेल्या लहान विमानातून केलेला प्रवास, या अर्थाने येथे 'खासगी विमानप्रवास' हा शब्द योजिला आहे. असे प्रवास सामान्यतः व्यक्तीच्या धाडसाच्या व संपत्तीच्या कथा म्हणून सांगितले जातात. त्यांचा खरा आधार कोणता होता, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

फ्लाइंग क्लब आणि परवाना :

पहिल्या महायुद्धानंतर विमान स्वस्त झाले आणि सुटसुटीतही झाले. १९२५ साली इंग्लंडमध्ये डी हॅविलंड कंपनीचे 'मॉथ' हे विमान प्रथम उडाले आणि लवकरच त्याची सुधारलेली 'जिप्सी मॉथ' ही आवृत्ती आली. लाकडी सांगाडा, वर कापडाचे आवरण, एकावर एक असे दोन पंख, एकामागे एक अशा दोन उघड्या बैठका आणि सुमारे १०० अश्वशक्तीचे इंजिन, असे तिचे स्वरूप होते. पंख मागे दुमडून ते विमान लहान जागेत ठेवता येई. हौशी माणसाने बाळगावे असे हे वाहन होते. तथापि ते घेणे, त्याची निगा राखणे आणि ते चालविण्यास शिकणे या तिन्ही गोष्टी त्या काळच्या हिंदुस्थानात मूठभर कुटुंबांनाच शक्य होत्या.

ही मर्यादा काही अंशी फ्लाइंग क्लबांनी दूर केली. १९२८ च्या सुमारास दिल्ली, कराची, कलकत्ता आणि मुंबई येथे असे क्लब सरकारी साहाय्याने उभे राहिले. क्लबचे विमान अनेकांनी वापरावे, शिक्षक व यंत्रज्ञ सामाईक असावेत आणि शिकणाऱ्याने उड्डाणाच्या तासांप्रमाणे शुल्क द्यावे, अशी ही व्यवस्था होती. मुंबईच्या क्लबमध्ये शिकून जे. आर. डी. टाटा यांनी १० फेब्रुवारी १९२९ रोजी परवाना मिळविला. 'एअरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्मा'ने दिलेल्या त्या परवान्यावर क्रमांक १ होता.

या घटनेचा उल्लेख बहुधा टाटांच्या चरित्राचा भाग म्हणून येतो. संस्थात्मक दृष्टीने पाहिल्यास तिचा अर्थ अधिक व्यापक आहे. धनिक घराण्याच्या वारसालाही विमान शिकण्यासाठी सामाईक विमान, पगारी शिक्षक, सरकारी अनुदान आणि मान्यताप्राप्त परीक्षा यांची गरज लागली. विमान विकत घेता येत होते, परवाना विकत घेता येत नव्हता.

१९३० ची स्पर्धा :

इंग्लंड व हिंदुस्थान यांदरम्यानचा प्रवास एकट्याने, ठरावीक मुदतीत पूर्ण करणाऱ्या पहिल्या हिंदी वैमानिकास ५०० पौंडांचे पारितोषिक देण्याचे आगाखान यांनी जाहीर केले. कोणत्याही टोकाकडून निघण्यास मुभा होती. या पारितोषिकासाठी तिघांची नावे पुढे आली : रावळपिंडीचे मनमोहन सिंग, कराचीशी संबंध असलेले ॲस्पी इंजिनियर आणि मुंबईचे जे. आर. डी. टाटा.

यांपैकी ॲस्पी इंजिनियर यांचे वय त्या वेळी अवघे १७ वर्षांचे होते. मार्च १९३० मध्ये त्यांनी आर. एन. चावला यांच्यासह हिंदुस्थानातून इंग्लंडपर्यंतचा प्रवास लहान विमानाने पूर्ण केला होता. परतीचा प्रवास त्यांनी एकट्याने, स्पर्धेसाठी केला. मनमोहन सिंग यांनी आपल्या जिप्सी मॉथला 'मिस इंडिया' असे नाव दिले होते. इंग्रजीत 'मिस' या शब्दाचा 'चुकणे' असाही अर्थ होत असल्याने हे विमान इंडियाला चुकणारच, अशी कोटी एका विलायती विमानविषयक नियतकालिकाच्या संपादकाने केली. सिंग यांनी इंडिया चुकविला नाही. अनेक अडथळ्यांनंतर त्यांनी प्रवास पुरा केला. मात्र मुदत उलटून गेल्याने पारितोषिक त्यांच्या हातून गेले. हेच मनमोहन सिंग पुढे १९४२ मध्ये ऑस्ट्रेलियातील ब्रूम येथे झालेल्या जपानी हवाई हल्ल्यात मृत्यू पावले.

टाटा यांनी उलट दिशा निवडली. ३ मे १९३० रोजी ते कराचीहून निघाले. इराणचा किनारा, इराकचे वाळवंट आणि पॅलेस्टाईन ओलांडून ते इजिप्तमध्ये आले. अलेक्झांड्रियाजवळील अबुकीर येथे त्यांना समोरून आलेले इंजिनियर भेटले. त्यांच्या विमानाला स्पार्क प्लग हवे होते आणि ते त्यांच्यापाशी नव्हते. टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग प्रतिस्पर्ध्याला दिले. इंजिनियर पुढे निघाले आणि ११ मे १९३० रोजी कराचीस पोहोचले. पारितोषिक त्यांना मिळाले. पुढे ते भारतीय हवाई दलात गेले आणि १९६० ते १९६४ या काळात हवाई दलप्रमुख होते.

अबुकीरची ही भेट खिलाडूवृत्तीचे उदाहरण म्हणून वारंवार सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने त्या प्रसंगातील दुसरी बाजूही पाहावयास हवी. मूठभर वजनाच्या एका सुट्या भागावाचून विमान, वैमानिक आणि पारितोषिक ही तिन्ही वाळवंटाच्या कडेला अडकून पडली होती. दीर्घ प्रवासाचे यश आकाशात ठरत असले तरी त्याची सिद्धता जमिनीवर होते, हे त्या प्रसंगातून दिसते.

या स्पर्धेचा भूगोलही लक्षात घेण्यासारखा आहे. १९३० साली सिंध मुंबई इलाख्यात समाविष्ट होता. तो १९३६ मध्ये वेगळा झाला. नंदुरबार तालुका तेव्हा पश्चिम खानदेश जिल्ह्यात, म्हणजे त्याच इलाख्यात होता. कराचीची धावपट्टी आणि नंदुरबारचा बाजार ही दोन्ही एकाच प्रांतिक शासनाखाली होती. पुढील काळात या दोहोंमध्ये आंतरराष्ट्रीय सीमा आली.

मार्ग कोणी घडविला? :

जिप्सी मॉथ ताशी सुमारे १३५ किलोमीटर वेगाने जाई आणि एका भरणीत तिचा पल्ला साधारणतः ५०० किलोमीटर असे. कराची ते लंडन हा तत्कालीन हवाई मार्ग ७,००० किलोमीटरांहून अधिक लांबीचा होता. याचा सरळ हिशेब असा की, वाटेत किमान चौदा-पंधरा वेळा उतरून इंधन भरणे आवश्यक होते. प्रत्येक ठिकाणी उतरण्यास सपाट जमीन, योग्य प्रतीचे पेट्रोल, तेल आणि पुढील हवामानाची निदान थोडीबहुत माहिती मिळणे गरजेचे होते.

ही ठिकाणे स्पर्धकांनी निर्माण केली नव्हती. ब्रिटिश हवाई दलाने १९२१ पासून कैरो–बगदाद हवाई टपालमार्ग चालविला होता आणि वैमानिकांना दिशा कळावी म्हणून वाळवंटात जमिनीवर खुणेची वाट आखली होती. ३० मार्च १९२९ रोजी इम्पीरियल एअरवेज कंपनीने लंडन–कराची सेवा सुरू केली. त्यासाठी इराणच्या आखातापासून भूमध्य समुद्रापर्यंत उतरण्याच्या जागा, इंधनाचे साठे व तारायंत्राची सोय यांची साखळी तयार झाली. १९३० चे स्पर्धक त्यानंतर अवघ्या वर्षभराने या मार्गावर उतरले. अबुकीर हेही हवाई दलाचे ठाणे होते.

साम्राज्याने ही साखळी आपल्या टपालासाठी आणि लष्करासाठी उभारली होती. तिच्यावरून हिंदी तरुणांनी एकट्याने केलेला प्रवास हा त्या काळी राष्ट्रीय अभिमानाचा विषय झाला. साम्राज्याच्या सोयींचा उपयोग करून साम्राज्याच्या श्रेष्ठत्वाच्या कल्पनेस उत्तर देणे, ही प्रक्रिया रेल्वे, छापखाना आणि विद्यापीठे यांच्या इतिहासात अभ्यासकांना परिचित आहे. विमानविद्येचा इतिहास त्यास अपवाद नाही.

या अनुभवाचा पुढील परिणाम सार्वजनिक स्वरूपाचाच झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांनी 'पस मॉथ' या लहान विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूस टपाल आणले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते मद्रासकडे नेले. पावसाळ्यात जुहूचे मैदान निरुपयोगी होत असल्याने ही सेवा त्या काळात पुण्याहून चालविली जाई. हौशी वैमानिकांच्या क्लबातून देशाची नागरी विमानसेवा जन्मास आली, असे म्हणण्यास हा पुरावा पुरेसा आहे.

सीमा, कायदा आणि कागदपत्रे :

दीर्घ प्रवासाचा तिसरा घटक परवानगी हा आहे. १९१९ च्या पॅरिस करारापासून आपल्या भूमीवरील आकाशावर प्रत्येक राष्ट्राचे सार्वभौमत्व मान्य झाले. हिंदुस्थानात १९३४ चा विमान कायदा आला. तो दीर्घकाळ टिकला. त्याची जागा घेणारा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ हा १ जानेवारी २०२५ पासून अमलात आला. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे झालेल्या कराराने आंतरराष्ट्रीय नागरी उड्डाणाची आजची चौकट घातली.

शिकागो कराराच्या पाचव्या कलमात वेळापत्रकाबाहेरील उड्डाणांना सदस्य राष्ट्रांच्या हद्दीत येण्याची तत्त्वतः मोकळीक आहे. व्यवहारात मात्र भारतासह अनेक देश पूर्वपरवानगी मागतात. एकोणतिसाव्या कलमान्वये विमानात नोंदणीपत्र, उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र, वैमानिकाचा परवाना, प्रवासाची नोंदवही आणि बिनतारी यंत्र असल्यास त्याचा परवाना ही कागदपत्रे बाळगावी लागतात. विमानाच्या अंगावर राष्ट्रीयत्वाची खूण असते. भारतीय विमानांच्या क्रमांकाच्या आरंभी 'व्हीटी' ही अक्षरे येतात. मालक खासगी असला तरी विमान आंतरराष्ट्रीय व्यवहारात आपल्या राष्ट्राचे म्हणूनच ओळखले जाते.

स्वातंत्र्यासोबत आलेल्या फाळणीने या घटकाचे महत्त्व वाढविले. १९३० मध्ये मुंबईच्या वैमानिकास कराची हे घरचे ठाणे होते. १९४७ नंतर ते परराष्ट्रातील शहर झाले. यंत्रे अधिकाधिक समर्थ होत असताना जुना मार्ग राजकीय कारणांनी अवघड होत गेला.

लहान यंत्र, मोठा पल्ला – १९८८ आणि २०१८-१९ :

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ठाण्यातील रेमंड कंपनीशी ज्यांचे नाव जोडलेले आहे ते उद्योगपती विजयपत सिंघानिया यांनी खासगी उड्डाणाची ही परंपरा पुढे नेली. १९८८ मध्ये त्यांनी मायक्रोलाइट या अतिशय हलक्या विमानातून इंग्लंडहून अहमदाबादपर्यंतचा प्रवास २३ दिवसांत पूर्ण केला. १९९४ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणेच्या आंतरराष्ट्रीय हवाई स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळविले. या पराक्रमांचे मोल कमी नाही. तरीही त्यांचा सामाजिक आधार १९३० च्या टाटांसारखाच, म्हणजे स्वतःच्या उद्योगसमूहाचा होता.

२०१८ साली सुरू झालेल्या मोहिमेचे स्वरूप निराळे होते. ३० जुलै २०१८ रोजी आरोही पंडित आणि कीथएअर मिस्किटा या मुंबईच्या दोन तरुण वैमानिक 'माही' नावाच्या विमानातून पंजाबमधील पतियाळा येथून निघाल्या. दोघीही बॉम्बे फ्लाइंग क्लबच्या माजी विद्यार्थिनी. 'माही' हे स्लोव्हेनियातील पिपिस्ट्रेल कंपनीचे 'सायनस ९१२' जातीचे विमान होते. अशी लाइट स्पोर्ट विमाने उड्डाणाच्या वेळी वजनाने ६०० किलोग्रॅमपर्यंतची असतात. त्या कराचीस उतरल्या आणि इराण, तुर्कस्तान व युरोप ओलांडून ब्रिटनपर्यंत गेल्या. अटलांटिकचा टप्पा पंडित यांनी एकट्याने पार केला. मे २०१९ मध्ये स्कॉटलंडमधील विक येथून आइसलंड व ग्रीनलंडमार्गे त्या कॅनडातील इक्वालुइट येथे पोहोचल्या. लाइट स्पोर्ट विमानातून एकटीने अटलांटिक ओलांडणारी जगातील पहिली स्त्री म्हणून त्यांची नोंद झाली. ऑगस्ट २०१९ मध्ये त्यांनी अलास्काहून बेरिंग समुद्र ओलांडून रशियातील अनादिर गाठले.

या प्रवासाची १९३० शी तुलना केली असता काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिली गोष्ट इंधनाची. लहान विमानांच्या जुन्या पद्धतीच्या इंजिनांना 'अव्हगॅस' हे विशेष पेट्रोल लागते. भारतास ते दीर्घकाळ आयात करावे लागले. वडोदऱ्याच्या शुद्धीकरण प्रकल्पात तयार झालेले देशी अव्हगॅस इंडियन ऑइलने सप्टेंबर २०२२ मध्ये बाजारात आणले. 'माही'चे रोटॅक्स इंजिन मोटारीच्या शिसेविरहित पेट्रोलवरही चालू शकते. त्यामुळे इंधनाचा प्रश्न काहीसा सुलभ होतो. दुसरी गोष्ट दिशाज्ञानाची. उपग्रहाधारित यंत्रणेमुळे वाळवंटातील खुणेच्या वाटेची गरज संपली. तिसरी गोष्ट मात्र बदलली नाही. ग्रीनलंडची धावपट्टी, हवामान खात्याचा अंदाज, प्रत्येक देशाची परवानगी आणि प्रायोजकांचे पाठबळ यांवाचून हा प्रवास संभवत नव्हता.

१५ ऑक्टोबर २०२१ रोजी पंडित यांनी टाटांच्या १९३२ च्या उड्डाणाची स्मृती म्हणून जो प्रवास केला, त्याचा आरंभ कराचीऐवजी भुजहून करण्यात आला. जुन्या मार्गाचे एक टोक बदलावे लागले, ही बाब सीमेच्या प्रश्नावर पुरेसा प्रकाश टाकते.

गोंदूरची धावपट्टी आणि खानदेश :

धुळ्याजवळील गोंदूर येथे नियमित प्रवासी विमानांची वर्दळ नाही. नेमक्या याच कारणाने ती धावपट्टी शिकाऊ वैमानिकांना उपयुक्त ठरली. मोठ्या महानगराच्या गजबजलेल्या आकाशात शिकाऊ विमानास वेळ व जागा मिळणे कठीण असते. जुहूच्या क्लबचे प्रशिक्षण धुळ्याकडे येण्याची परिस्थिती ही अशी होती.

याच धावपट्टीचा आणखी एक उपयोग नोंदविण्यासारखा आहे. मुंबईतील वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीतील चारकोप येथे राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईतील 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते प्रदर्शित झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यास नोंदणी मिळाली. उड्डाणाची परवानगी २०१९ मध्ये मिळाल्यानंतर २०२० मध्ये त्याची चाचणी उड्डाणे धुळ्यास झाली. येथेही तोच क्रम दिसतो. यंत्र एका कुटुंबाच्या जिद्दीतून तयार झाले. ते उडण्यासाठी नोंदणी, परवानगी आणि धावपट्टी आवश्यक ठरली. गच्चीवर विमान बांधता येते, गच्चीवरून ते उडविता येत नाही.

नंदुरबार जिल्ह्याच्या दृष्टीने यातून एक गंभीर प्रश्न उपस्थित होतो. धडगाव, अक्कलकुवा वा नवापूर येथील विद्यार्थ्यास ही धावपट्टी भौगोलिकदृष्ट्या जवळ आहे. जुहू किंवा कराची १९३० मध्ये जितकी दूर होती तितकी ती दूर नाही. तथापि उड्डाणाच्या तासांचे शुल्क लाखांच्या घरात जाते आणि व्यावसायिक परवान्यासाठी बारावीस भौतिकशास्त्र व गणित हे विषय असणे ही अट दीर्घकाळ राहिली. ज्या कनिष्ठ महाविद्यालयात या विषयांना शिक्षक नाही, तेथील विद्यार्थ्यासाठी धावपट्टीचे अंतर किलोमीटरमध्ये मोजून उपयोग नाही. विमानाचा आवाज ऐकू येणे आणि विमानात बसण्याची संधी असणे यांत मोठे अंतर आहे.

१९२८ च्या क्लबांना सरकारी अनुदान होते, याचे स्मरण येथे उचित ठरेल. वैमानिक घडविणे हे केवळ विद्यार्थ्याच्या कुटुंबाचे काम आहे, असे वसाहतकालीन शासनानेही मानले नव्हते.

समारोप :

१९३० पासून २०२१ पर्यंतच्या या प्रवासांचा एकत्रित विचार केला असता काही निष्कर्ष हाती येतात. दीर्घ पल्ल्याच्या खासगी उड्डाणास यंत्र, भूमी आणि परवानगी या तीन गोष्टी लागतात. त्यांपैकी यंत्र तेवढे खासगी असते. धावपट्टी, इंधनाचा साठा, हवामानाची वार्ता आणि सीमेवरील परवानगी ही समाजाने व शासनाने उभारलेली असतात. एकट्याने उडणारा वैमानिकही प्रत्येक टप्प्यावर अनेकांच्या श्रमावर उतरत असतो.

यामुळे वैयक्तिक धाडसाचे महत्त्व कमी होत नाही. सारख्याच सोयी असलेल्या अनेकांपैकी प्रत्यक्ष निघणारे थोडेच असतात, आणि जिप्सी मॉथच्या उघड्या बैठकीतील थंडी वा ग्रीनलंडच्या हिमावरील एकांत कोणतीही संस्था वाटून घेत नाही. परंतु धाडसाची संधी कोणाला मिळते, हे संस्था ठरवितात. जुहूच्या क्लबने ती एका उद्योगपतीच्या मुलास दिली आणि नव्वद वर्षांनी मध्यमवर्गीय मुंबईकर मुलींनाही दिली. हे वर्तुळ सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत विस्तारेल काय, हा प्रश्न गोंदूरच्या धावपट्टीइतकाच नंदुरबारच्या विज्ञान वर्गांशी निगडित आहे. स्थानिक इतिहासाच्या अध्यापनात या विषयास स्थान मिळाल्यास विद्यार्थ्यांना विमानविद्येची ओळख तर होईलच, शिवाय आपल्या प्रदेशाच्या दळणवळणाच्या इतिहासातील एक प्रकरण अजून लिहावयाचे राहिले आहे, याचीही जाणीव होईल.